मटारचं मशीन आणि चौदावा प्रश्न

ज्या ऑफिसचं काम घरच्यांनाही नीट समजत नाही, त्या ऑफिसात किस्से फार साठतात. मास्तरांचं, रेल्वेतल्या माणसाचं तसं नसतं. त्यांचं काम सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यांना कोणी काही विचारत नाही. आम्हाला मात्र रोज कोणाला तरी समजावून सांगावं लागतं आणि प्रत्येक वेळी समजावताना एक नवा किस्सा तयार होतो.

जबलपूरला नेपियर टाउनमध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ब्रँच ऑफिस आहे. अर्धे पेशंट चुकून जिना चढून वर येतात. गाल धरून आलेला माणूस दिसला की आमचं वाक्य ठरलेलं असतं, "दुखत असेल तर खाली, एक्स्पोर्ट करायचं असेल तर वर!"

माझी बायको सगळ्यांना सांगते, "हे इन्शुरन्समध्ये आहेत." त्यामुळे दर दिवाळीला माझा साडू स्कूटरच्या डेंटचे फोटो घेऊन येतो. एकदा त्याला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "हे बघ, तू इथून परदेशात उधारीवर माल पाठवलास. तिकडचा गिऱ्हाईक बुडाला, किंवा तिकडे युद्ध सुरू झालं, सरकार उलटलं, आणि पैसे आले नाहीत, तर ते आम्ही भरून देतो. आमच्या मागे सरकार उभं असतं."

साडूने सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाला, "अच्छा. म्हणजे मी स्कूटर परदेशात ठोकायला पाहिजे होती!"

*

आता हा असला विमा जगातली बरीच सरकारं देतात. आणि सरकारं देतात म्हटल्यावर त्यांच्यात चढाओढ आलीच. एकाने दोन वर्षांची उधारी दिली की दुसरा पाच वर्षांची देणार, एकाने विमा स्वस्त केला की दुसरा आणखी स्वस्त करणार. शेवटी माल बाजूलाच राहतो आणि सगळे सवलतीच विकत बसतात. म्हणून श्रीमंत देशांनी एकत्र बसून एक समझोता केला. इतक्यापेक्षा जास्त उधारी द्यायची नाही, इतक्यापेक्षा स्वस्त विमा द्यायचा नाही, थोडी रक्कम आधी हातात घ्यायचीच, लाच द्यायची नाही, नद्या-जंगलं बिघडवायची नाहीत. कायदा नाही, कोर्ट नाही, नुसता सभ्य लोकांचा शब्द! आम्ही ऑफिसात त्यांना 'पंचमंडळी' म्हणतो.

आपला देश त्या समझोत्यात नाही. पण आमची जोखीम वाटून घेणाऱ्या परदेशी कंपन्या तेच फॉर्म मागतात, त्यामुळे आमच्या हेड ऑफिसने ते हौसेने लागू केले. म्हणजे लग्नाला बोलावणं नाही, पण आहेर ठरलेला.

हे सगळं समजावायला मुंबईहून एका मॅडमनी व्हिडिओ कॉलवर ट्रेनिंग घेतलं. आमच्याकडून तिघं बसलो होतो. ब्रँच मॅनेजर तिवारी साहेब, मी आणि शुभांगी. शुभांगी आमची तरुण ऑफिसर. मराठीच आहे, पण तिचं मराठी सकाळी चालू होतं आणि दुपारपर्यंत हिंदी होतं. तिवारी साहेब जबलपूरचेच. मराठी त्यांना पूर्ण समजतं, पण बोलायचं म्हटलं की ते लाजतात.

तासभर ऐकून झाल्यावर साहेबांनी हात वर केला. "मैडम, ये तो हमारे मोहल्ले के हलवाइयों वाला समझौता हो गया. सबने मिलकर एक रेट बाँध दिया था."

"अगदी बरोबर!" मॅडम खूश झाल्या.

"पर उसमें एक हलवाई बदमाश निकला. रेट वही रखा, और मिठाई के साथ दो समोसे फ्री देने लगा. पूरी भीड़ उसके यहाँ!"

मॅडमनी समोरच्या कागदाची बरीच पानं उलटली. मग म्हणाल्या, "त्याला हे लोक 'मदत' म्हणतात, तिवारीजी. गरीब देशाला मदत द्यायची, पण माल आपल्याकडूनच घ्यायचा ही अट घालायची. समोशासाठी वेगळं परिशिष्ट आहे!"

तेव्हापासून आमच्या फायलींवर ते परिशिष्ट 'समोसा' याच नावाने आहे.

*

नव्या फॉर्ममध्ये एक प्रतिज्ञापत्र आलं. 'ही ऑर्डर मिळवण्यासाठी मी परदेशी खरेदीदाराला किंवा तिथल्या अधिकाऱ्याला कोणतीही लाच, भेटवस्तू वा आमिष दिलेलं नाही.' एक्स्पोर्टरने वाचून सही करायची.

आमचे एक जुने गिऱ्हाईक गुप्ताजी, सलवार-सूट बाहेर पाठवतात. त्यांनी चष्मा लावून प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं, ठसठशीत सही केली आणि सही वाळायच्या आत पिशवीतून खव्याच्या जिलबीचा डबा काढून टेबलावर ठेवला.

शुभांगी ओरडलीच, "अंकलजी, आत्ता तर तुम्ही साइन केलं नं! गिफ्ट द्यायचं नाही म्हणून!"

गुप्ताजी बिचारे गडबडले. डबा परत पिशवीत ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. तिवारी साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला, एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बेटा, ठीक से पढ़ो. इसमें लिखा है 'विदेशी अधिकारी'. हम तो देसी हैं!"

तरीही शुभांगीने नियमाप्रमाणे भेटवस्तूंच्या रजिस्टरात नोंद केलीच. त्यात शेवटचा रकाना असतो, 'निर्णयावर झालेला परिणाम'. तो साहेबांनी स्वतःच्या हाताने भरला. "दोपहर में नींद आई."

*

आता डबीर काका.

काका एकाहत्तर वर्षांचे. खमरियाच्या सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चाळीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये होते. तयार झालेला प्रत्येक नग मोजायचा, तपासायचा, बरोबर असेल तर सही करायची, नसेल तर बाजूला काढायचा. आयुष्यभर हेच केलं. रिटायर झाल्यावर त्यांना घरी बसवेना. तिथलेच चार रिटायर्ड फिटर गोळा केले, रिछाईला एक शेड भाड्याने घेतलं आणि मटार सोलायचं मशीन बनवायला घेतलं. जबलपूरचा मटार म्हणजे काय हे मी सांगायला नको. हिवाळ्यात इथे घराघरात बायकांच्या अंगठ्यांची नखं हिरवी असतात.

मशीन चांगलं निघालं. कोणी तरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि पूर्व आफ्रिकेतल्या एका शेतकरी सोसायटीची ऑर्डर आली. पैसे दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने. बँक म्हणाली, त्या सरकारी कंपनीचा विमा आणा, मग कर्ज देतो. म्हणून काका आमचा जिना चढून आले.

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. मुलगा पुण्याला असतो. त्याच्याशी ठरलं होतं की ही ऑर्डर हातची गेली तर शेड बंद करायचं आणि कायमचं पुण्याला राहायला जायचं. "मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे," काका म्हणाले. "पण मोघेसाहेब, मी तिकडे जाऊन करू काय? बाल्कनीत उभा राहू? आणि ते माझे चौघं, ते कुठे जातील?"

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो घरी नेला आणि दोन दिवसांनी भरून आणला. सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही. शुभांगीने वाचायला घेतला.

'मशीनचे मुख्य भाग कोठून घेतले?' सांगता येत नाही.

'कामगारांची संख्या?' सांगता येत नाही.

'उत्पादनाची जागा, नकाशासह?' सांगता येत नाही.

"काका," शुभांगी म्हणाली, "हे लोक ट्रान्सपरन्सी मागून राहिले आणि तुम्ही काहूनच काही सांगत नाही! मटारच्या मशीनमध्ये काय सीक्रेट असतं?"

काका ओशाळले. "सवय झाली बेटा. चाळीस वर्षं घरी बायकोलाही सांगितलं नाही, मी काय काम करतो ते."

"मग काकूंना काय वाटायचं?"

"तिला वाटायचं मी कँटीनमध्ये आहे!"

*

फॉर्म पुन्हा भरला गेला. आता साइट व्हिजिट आणि फोटो. पर्यावरणाच्या नव्या नियमांप्रमाणे कारखाना, सांडपाणी, आजूबाजूचा परिसर, सगळ्याचे फोटो लागतात. मी आणि शुभांगी स्कूटरवर रिछाईला गेलो.

शेड लहानसं, पण गेटवर टेबल होतं. टेबलावर रजिस्टर होतं आणि त्यामागे काकांच्या चार फिटरांपैकी एक, पटेल दादा, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी आमची नावं लिहिली, येण्याची वेळ लिहिली, आणि लाकडी ट्रे पुढे केला. "माचिस, लायटर, मोबाइल."

मी म्हटलं, "दादा, आम्ही फोटो काढायला आलोय."

"जरूर निकालिए. मोबाइल यहाँ रख दीजिए."

आत काकांना सांगून पाहिलं. काका म्हणाले, "गेटवर मी पटेलला काही म्हणू शकत नाही. तिथे त्याची ड्यूटी आहे." बरं, ट्रे बघितला तर त्यात काकांचाही मोबाइल होता!

शेवटी शुभांगीने वहीच्या पानावर पेन्सिलने चित्र काढलं. शेड, मशीन, मागचा नाला, नाल्याकाठी एक म्हैस. ते स्कॅन करून 'फोटो' या रकान्यात लावलं. आठवड्याने मुंबईहून उत्तर आलं. "फोटो अस्पष्ट आहे. मात्र वन्यजीव आढळल्याची नोंद घेतली आहे."

म्हशीबद्दल खुलासा पाठवण्यात पुढचे चार दिवस गेले.

*

खरी गंमत चौदाव्या प्रश्नाने केली. गंमत तेव्हा वाटली नव्हती, हेही सांगून ठेवतो.

पंचमंडळींच्या समझोत्यात युद्धसामग्री बसत नाही. म्हणून फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न आहे. 'हा माल किंवा त्याचा कोणताही भाग लष्करी कामासाठी वापरला जाऊ शकतो का?' सलवार-सूटवाले, संगमरवरवाले, सगळे जण न वाचता 'नाही' लिहितात. आम्हीही न वाचता पुढे पाठवतो.

काकांनी मात्र वाचला. आणि लिहिलं, 'होय.' खाली दोन पानी स्पष्टीकरण, आकृतीसह!

झालं होतं असं की मशीनचा मुख्य रोलर म्हणजे एक जाड पोलादी नळी होती. काकांना आणि त्यांच्या चौघांना आयुष्यभर एकाच प्रकारच्या पोलादाचं काम येत होतं, म्हणून त्यांनी नळीही तशीच केली. तेच पोलाद, तीच सफाई, तेच माप. मटार सोलायला इतक्या भक्कम नळीची गरज नव्हती, पण कमी दर्जाचं काम त्यांच्या हातून होत नव्हतं. आणि अशी नळी काढून दुसरीकडे लावली तर काय होऊ शकतं, हे या शहरात काकांपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

पोर्टलवर त्यांची केस लाल झाली. मुंबईच्या मॅडमचा फोन आला. काका समोरच होते, मी स्पीकर लावला.

"काका, मटाराच्या मशीनमधून नळी काढून कोण काय करणार आहे?"

"मॅडम, प्रश्नात 'कोण' असं विचारलेलं नाही. 'शकतो का' असं विचारलंय."

"पण तुमचा तसा हेतू नाही ना?"

"हेतूचा प्रश्न सोळावा आहे. तिथे मी 'नाही' लिहिलंय."

*

केस लाल झाली की एक पुरवणी फॉर्म आपोआप येतो. तो परदेशातून आलेला, छापील, सगळ्यांना सारखा. काकांनाही तोच आला.

'यंत्रातून बाहेर पडणाऱ्या वस्तूचा व्यास?' 'वेग?' 'पल्ला?'

आम्ही तिघं कपाळाला हात लावून बसलो. काकांना मात्र हा फॉर्म पहिल्यापेक्षा आवडला. पहिल्यांदाच कोणी तरी कामाचं विचारत होतं! त्यांनी नीट भरला.

व्यासासाठी त्यांनी शेडमध्ये पितळेची एक पट्टी बनवली. तिला दोन भोकं, एक मोठं आणि एक लहान. चांगला मटार मोठ्या भोकातून गेला पाहिजे आणि लहान भोकात अडकला पाहिजे. दोन्हीतून गेला तर रिजेक्ट. पट्टीवर नंबर कोरला, तारीख कोरली आणि कुरिअरने मुंबईला पाठवली.

वेगापुढे लिहिलं, 'सावकाश.'

पल्ल्यापुढे लिहिलं, 'टोपलीपर्यंत.'

नंतर कळलं की मॅडमनी ते उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत करून परदेशी कंपनीला पाठवलं. तिकडून एकच शंका आली. टोपली किती अंतरावर आहे?

*

हसण्यात दिवस गेले आणि ऑर्डरची मुदत जवळ आली. सोसायटीने कळवलं की त्यांच्याकडचा हंगाम थांबणार नाही, महिनाअखेरपर्यंत विम्याचा कागद आला नाही तर ते दुसरीकडे बघतील. मॅडमनीही हात टेकले. म्हणाल्या, "चौदाव्याचं उत्तर 'नाही' करून नवा फॉर्म टाका, मी त्याच दिवशी सोडते."

तिवारी साहेबांनी काकांना बोलावलं, दार लावलं आणि हात जोडले. "दादा, एक शब्द है. 'नहीं' लिख दीजिए. सब यही लिखते हैं. दुनिया भर के लोग यही लिखते हैं!"

काकांनी आपलं दोन पानी स्पष्टीकरण पुढे सरकवलं.

"आपका आदमी वहाँ मटर ही छीलेगा नं?"

"हो," काका म्हणाले. "मटारच सोलेल."

"तो?"

मीही बोललो. म्हटलं, काका, फॉर्मच असतो तो, कोणी वाचत नाही. तुमच्या चौघांचा विचार करा. पुण्याचा विचार करा. शुभांगीने तर नवा फॉर्म प्रिंट करून, बाकी सगळं टाइप करून, फक्त चौदावा रकाना कोरा ठेवून पुढे सरकवला. पेनसुद्धा उघडून दिलं.

काकांनी पेनाचं टोपण परत लावलं. म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षं मी जे मोजलं तेच लिहिलं. आता एका शब्दासाठी..." आणि तिथेच थांबले. तो फॉर्म घडी घालून खिशात ठेवला आणि जिना उतरले.

नंतर तीन आठवडे त्यांचा पत्ता नाही. फोन करावा तर वाजत राहायचा. ट्रेमध्ये असणार, दुसरं काय. शुभांगी रोज पोर्टल उघडून बघायची आणि रोज म्हणायची, "अजून लालच आहे." साहेब म्हणाले, गेले असतील पुण्याला. मलाही तसंच वाटलं. स्पष्ट सांगतो, मला लाज वाटत होती. काका ऑर्डर घालवताहेत याची नाही, आम्ही तिघं मिळून त्यांना काय करायला सांगत होतो याची.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना काका वर आले. बरोबर पटेल दादा होते आणि दोघांच्या मध्ये पोत्यात गुंडाळलेलं काही तरी जड. त्यांनी ते साहेबांच्या टेबलावर ठेवून पोतं सोडलं. शिसवीच्या लाकडाचा रोलर! नळी नव्हे, भरीव, गुळगुळीत, तेल पाजलेला.

"आम्हा पाचांपैकी कोणाला लाकडाचं काम येत नव्हतं," काका म्हणाले. "एका फर्निचरवाल्याच्या दुकानात जाऊन बसत होतो सकाळपासून. पहिले काही रोलर फुकट गेले. पटेल तर खूप चिडला."

"अभी भी चिढ़ा हूँ," पटेल दादा म्हणाले.

"आणि त्या पोलादी नळ्या?" मी विचारलं.

"कापल्या. आडव्या. आता त्यांचं काहीच होऊ शकत नाही."

"मशीन चालतं?"

"आधीपेक्षा थोडं हळू सोलतं. सोसायटीला खरं ते कळवलं. ते म्हणाले, लाकडाचा असेल तर मोडल्यावर आम्हालाही इथे करता येईल, तोच पाठवा."

मग त्यांनी खिशातून तो घडी घातलेला फॉर्म काढला. शुभांगीकडे पेन मागितलं, टेबलावर वाकून चौदाव्या रकान्यात 'नाही' लिहिलं, आणि खाली पूर्ण सही केली.

शुभांगीने फॉर्म चढवला. आता पोर्टल विचारतं, उत्तर बदलण्याचं कारण काय? खाली तीनच पर्याय. टायपिंगची चूक, प्रश्न समजण्यात चूक, इतर. तिने काकांकडे पाहिलं आणि न विचारताच 'इतर' दाबलं. स्क्रीनवर चाक फिरत राहिलं. मग लाल गेलं आणि हिरवं आलं. तिवारी साहेब उठून थेट पटेल दादांच्याच गळ्यात पडले.

पाच मिनिटांत फोन वाजला. मुंबईच्या मॅडम होत्या. आवाजावरून खूश वाटत होत्या. "सोडली बरं का केस! तीन आठवडे आधी लिहिलं असतं तर इतका त्रास झाला नसता. मला रेकॉर्डला फक्त कारण हवंय, 'इतर' म्हणजे काय? आधीचं उत्तर चुकीचं होतं, असं लिहू ना?"

काका फोनजवळ वाकले.

"नाही मॅडम, तसं लिहू नका. उत्तर बरोबर होतं. चुकीचं मशीन होतं."